पोळ्याचा रंग आणि स्टेअरिंगचा दिवा

रत्नागिरीजवळच्या पावस गावापुढे, खाडीच्या तोंडाशी, एक म्हातारे गृहस्थ राहायचे. बोटींच्या इंजिनांची वायरिंग करणं हा त्यांचा धंदा. सगळी खाडी त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. मला मदत केली ती या आबांनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या चुकाच इतक्या आहेत की त्यांच्या गर्दीत आबा राहून जातील की काय, अशी भीती वाटते. भीती मला तशी कशाचीही वाटते. तेव्हाही वाटायची.

मी मराठवाड्यातला. सातवी झालो त्या साली आमचा एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. एकट्या बैलाने शेत होत नाही, म्हणून वडील दुसऱ्याला बाजारात घेऊन गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा हातात नुसतं दावं होतं. ते त्यांनी खुंटीला अडकवलं आणि जेवले नाहीत. पुढच्या वर्षी मी आठवीची शाळा अर्ध्यात सोडली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून गेलो. तिथून ड्रायव्हर झालो, आणि दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, कुणाच्या तरी ओळखीने, पावसला एका आंबा बागायतदारांकडे त्यांची गाडी चालवायला लागलो. घर इतकं लांब की जायचं म्हटलं तर एसटी तीनदा बदलावी लागे.

मालकांना सगळे तात्या म्हणत. साठीचे होते, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे क्लच दाबता येत नव्हता. मला राहायला आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमागची खोली दिली होती. खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. ट्रकमध्ये नऊ वर्षं झोपलेल्या माणसाला कडीचं काय वाटतं, ते मला लिहून सांगता येणार नाही.

गाडी छोटी, पांढरी. ट्रकचं चाक दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून फिरवायची माझी सवय, आणि हिचं स्टेअरिंग एका बोटाने फिरायचं. तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "याला विजेची मोटर आहे आत. ती तुला मदत करते. जोर लावू नकोस." चावी फिरवली की समोर दिव्यांची रांग लागायची आणि एकेक विझायचा. त्यात एक पिवळा दिवा तीन इंग्रजी अक्षरांचा होता. अक्षरं मला वाचता यायची, अर्थ ठाऊक नव्हता. विझतो ना, मग झालं, एवढंच माझं ज्ञान.

श्रावणातली अमावस्या आली. आमच्याकडे पोळा. कोकणात या बाजूला पोळ्याचं काही नाही. कुणाला त्या दिवशी काही आठवतसुद्धा नाही. माझं मात्र सकाळपासून कशात लक्ष लागेना. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे आणि त्यांना सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याला धुवायचं, शिंगं रंगवायची. आमच्या गोठ्यात बैल नव्हते त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. मला वाटलं, मी ज्याच्या जिवावर जेवतो ते या घरात काय आहे? तर ही गाडी.

म्हणून मी गाडी धुतली. बॉनेट उघडलं. समुद्राच्या हवेने आतले नट-बोल्ट तांबूस झाले होते, बॅटरीखालचा पत्रा गंजला होता. बॅटरी काढली, पत्रा घासला. बाजूला बॉडीला एक बोल्ट होता, त्याखाली एक जाड काळी वायर आवळलेली होती. तो बोल्ट सगळ्यांत जास्त खराब झालेला. तोही काढला, घासला, आणि शेडमध्ये पेट्यांवर नंबर टाकायचा लाल ऑइलपेंट होता त्याचे दोन हात दिले. पत्र्याला, बोल्टला, वॉशरला, वायरच्या टोकाच्या चकतीलासुद्धा. चांगला वाळू दिला आणि मग गच्च आवळला. बॉनेटवर गुळाचा खडा ठेवला.

वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, पडवीतून बघत होत्या. हसल्या. "काय रे, हिला शेपूट नाही, गोंडा कुठे बांधणार?"

मी पण हसलो. कोकणात आल्यापासून इतका बरा दिवस माझा गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी रत्नागिरीला जाताना, भाट्याच्या पुलाअलीकडच्या वळणावर, पिवळा दिवा लागला. तीन अक्षरं लखलखीत. स्टेअरिंग एकदम जड झालं, जणू माझा जुना ट्रक. तात्या मागे बसून पेपर वाचत होते. मी बाजूला घेऊन गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, दिवा गेला.

"काय झालं?"

"काही नाही, तात्या. टायर बघत होतो."

हे मी का म्हणालो, याचा विचार पुढे फार वेळा केला. ट्रकवर असताना एकदा ब्रेकमधून आवाज येतो म्हणून मी आपणहून मालकाला सांगितलं होतं. तो म्हणाला, तूच केलंस, आणि मला घाटाच्या पायथ्याशी उतरवून दिलं. तेव्हापासून बिघाड सांगणं आणि बिघाड करणं ही माझ्या डोक्यात एकच गोष्ट झाली होती.

परत येताना दिवा दोनदा लागला. संध्याकाळी बाजाराला गेलो तेव्हा चार वेळा. बंद करून चालू केलं की जायचा, आणि हळू गाडी वळवली की यायचा. गाडी चालू करताना मात्र सेल्फ एका झटक्यात लागे, म्हणून बॅटरीचा मला संशयही आला नाही. मी मनात म्हटलं, मोटरच जळत चालली असणार, आणि ती माझ्याच हाताने, कारण ट्रकच्या सवयीने मी जोर लावत असणार. दर वेळी चावी फिरवायच्या आधी डोळे मिटून उभा राहायचो. जेवण जाईना. गणपती दोन दिवसांवर आले होते, घरात सगळीकडे आनंद, आणि मी शेडमागे बसून माझी ट्रंक भरायला किती वेळ लागेल ते मोजत होतो.

मग मी ते केलं, ज्याची मला आजही लाज वाटते. वायरीला गुंडाळतात त्या काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्या दिव्यावर लावला.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही मूर्ती आणायला गेलो. तात्या मागच्या सीटवर, मांडीवर मूर्ती, तिच्यावर नवा रुमाल. वहिनी शेजारी. मी इतका सावकाश आणत होतो की सायकलवाले पुढे जात होते. बागेच्या फाटकाशी उजवीकडे आखूड वळण आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. तिथे स्टेअरिंग एकदम जड झालं. मी दोन्ही हातांनी ओढलं, उशीर झाला. पुढचं चाक गडग्यावर घासलं आणि गाडी हिसका बसून थांबली. तात्यांनी मूर्ती छातीशी धरली होती. त्यांचं कोपर दारावर आपटलं, सोललं. मूर्तीला काही झालं नाही.

वहिनी मूर्ती घेऊन उतरल्या. त्यांचे ओठ हलत होते. तात्या काठी टेकत पुढच्या दाराशी आले, आत वाकले. त्यांची नजर फिरत फिरत त्या काळ्या तुकड्यावर थांबली. त्यांनी तो नखाने उचलला. खाली दिवा होताच.

तुकडा त्यांच्या बोटाला चिकटला होता. तो झटकला नाही त्यांनी. तसाच घेऊन घरात गेले.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने गाडीला मशीन जोडलं, स्क्रीनवर बघितलं, मग चाकावरचं घासलेलं बघितलं. तात्यांना म्हणाला, "स्टेअरिंगच्या मोटरला पुरेशी पॉवर येत नाही असं दाखवतंय. मार बसलाय ना इथे? युनिट बदलावं लागेल. मागवायचं झालं तर सण उलटल्यावर."

"मार नंतर बसला," मी म्हणालो. "दिवा आधी लागला होता."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आधी म्हणजे कधी, असं कुणी विचारलं नाही. माझ्याच तोंडाने मी माझी पट्टी कबूल केली होती.

परत येताना तात्या पुढच्या सीटवर बसले होते. भाट्याचा पूल मागे गेला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लांज्याहून एक ड्रायव्हर येणार आहे. गौरी जाऊ देत, मग बघू." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी शेडच्या पायरीवर बसलो होतो. खाडीवरून एक मावशी बागेतल्या गड्यांना मासे विकायला यायची. सणात टोपलीत मासे नव्हते, गौरीसाठी फुलं मागायला आली होती. मी मासे खात नाही म्हणून माझी रोज चेष्टा करायची.

"काय रे घाटी, तोंड असा का केलास? घरात गणपती नि तू सुतकात बसल्यासारखा."

मी नाही नाही म्हणता सगळं सांगितलं. मावशी परकी होती म्हणूनच सांगता आलं असेल. ऐकून ती जराही हळहळली नाही.

"दिवा झाकलास? शाना आहेस. उद्या बोटीत पानी शिरला की डोले झाकशील." मग टोपलीत फुलं भरत म्हणाली, "आमचा म्हातारा बोटींचे दिवेच बघतो जन्मभर. पाठवते."

"मावशी, ही गाडी आहे. बोट नाही."

"बॅटरी हाय ना तिला? मग झाला तर."

आबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांच्या घरी गौर बसली होती, जेवणावरून उठून आले होते, हाताला कालवणाचा वास होता. खांद्याला पिशवी. पिशवीतून त्यांनी काढलं काय, तर मोटरसायकलचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकांना चिमटे. मशीन बघून आलेल्या माझं मन तिथेच खचलं.

त्यांनी मला आधी प्रश्न विचारले. असे प्रश्न आतापर्यंत मला कुणी विचारले नव्हते.

"दिवा कवा लागतो? सरल चालताना की वलताना?"

"वळताना. हळू वळताना."

"सेल्फ?"

"सेल्फ लगेच लागतो."

"बरा. आता हेडलाइट लाव. भिंतीकडे बघ, माज्याकडे बघू नको. स्टेअरिंग मार पुरा."

शेडच्या भिंतीवर दिव्यांचे दोन गोल पडले होते. मी स्टेअरिंग फिरवलं आणि दोन्ही गोल पिवळट झाले, विझायला आल्यासारखे. सोडलं, पुन्हा पांढरे झाले. इतके दिवस मी ती गाडी चालवत होतो, आणि हे मला दिसलं नव्हतं. मी त्या एका दिव्याकडेच बघत राहिलो होतो.

"मोटर मेलेली नाय तुजी," आबा म्हणाले. "उपाशी हाय."

मग त्यांनी बॉनेट उघडलं. बल्बचा एक चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला, दुसरा मायनसला. बल्ब झक्क लागला. पहिला चिमटा होता तिथेच ठेवला, दुसरा इंजिनाच्या अंगाला लावला. तसाच झक्क. "सेल्फ हितून जेवतो. म्हनून त्याला काय नाय." मग तो चिमटा बॉडीच्या एका उघड्या स्क्रूला लावला. बल्बची तार नुसती लाल झाली, विस्तवाच्या ठिणगीएवढी.

"स्टेअरिंगची मोटर हितून जेवते. बॉडीतून. इकडचा पान वाढलाच नाय कोनी."

त्यांनी बॅटरीपासून काळी वायर बोटाने धरली आणि तिच्यावरून बोट सरकवत गेले. बोट त्या बोल्टाशी थांबलं. लाल बोल्ट. लाल वॉशर. खाली लाल पत्रा.

"ह्यो रंग कोनी दिलाय?"

मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं, पण रंग या शब्दाने कळायला लागलं. "मी," म्हणालो. "आमच्याकडे पोळा असतो, आबा. बैलाची शिंगं रंगवतात. मला बैल नाही. म्हणून..."

आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. "आमी पन बोटीला रंग देतो," एवढंच म्हणाले. "नारली पुनवेच्या आधी. पन अर्थिंगच्या बोल्टाला नाय देत. रंगातून वीज जात नाय, बाबा. आवलताना कुठं खरवडला असेल तेवढ्यावर दोन दिवस चालली. मग तिथं खारी हवा शिरली, गंज धरला. संपला."

त्यांनी बोल्ट काढला आणि काचपेपर माझ्या हातात दिला. "तू घास. रंग तू दिलास."

मी घासलं. लाल भुकटी बोटांवर, नखांत, सदऱ्यावर. खाली पत्रा पांढरा होत गेला, आणि आबा शेजारी उकिडवे बसून म्हणत होते, अजून, कडेला अजून. बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस फासलं. "आवलून झाल्यावर काय पन लाव. ग्रीस लाव, रंग लाव, कुंकू लाव. आत नाय."

बल्बचा चिमटा पुन्हा त्या स्क्रूला लावला. झक्क. चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, आणि विझला. स्टेअरिंग जागेवरच दोन्ही बाजूंना पुरं फिरवलं, पाच वेळा, दहा वेळा. एका बोटाने फिरत होतं. भिंतीवरचे गोल जेमतेम हलले.

मी आबांच्या पाया पडलो. ते मागे सरकले. "मालकाला सांग. वर्कशॉपवाला खोटा नाय बोलला, त्याचा मशीन खरा बोलला, पॉवर येत नव्हती. का येत नव्हती ता तू सांग. रंगापासून सांग."

मी तसाच, लाल हातांनी, पडवीत गेलो. तात्या झोपाळ्यावर होते. मी रंगापासून सगळं सांगितलं. पोळा, बोल्ट, बल्ब. ते उठले, गाडीत बसले, स्वतः स्टेअरिंग फिरवून बघितलं. आबांना हात जोडले, वहिनींना त्यांच्यासाठी प्रसाद आणायला सांगितलं. मला वाटलं, सुटलो. मनात घरच्या पत्राची पहिली ओळसुद्धा तयार झाली.

आबा गेल्यावर तात्या म्हणाले, "रंगाचं मला काही नाही रे. कोणाच्याही हातून झालं असतं. पट्टीचं काय?"

मी नखांतली लाल भुकटी काढायला लागलो.

"मूर्ती मांडीवर घेऊन मी मागे बसलो होतो. दिवा लागलाय हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं."

त्या ब्रेकची, त्या ट्रकच्या मालकाची गोष्ट सांगावीशी वाटली. पण तात्या काही तो मालक नव्हते. त्यांनी मला कडीची खोली दिली होती. दुसऱ्याने मला जो धडा शिकवला, त्याची शिक्षा मी यांना दिली होती.

लांज्याचा ड्रायव्हर गौरी गेल्यावर आला. चांगला माणूस होता. मी त्याला बोल्ट दाखवला, दिवा दाखवला, आणि म्हणालो, "हा लागला तर लगेच सांग त्यांना. रागावत नाहीत." चावी दिली. ट्रंक भरायला, मोजलं होतं त्याहून कमी वेळ लागला.

फाटकाच्या बाहेर, जिथे चाक घासलं त्याच गडग्याशी, एसटीची वाट बघत उभा होतो. कुठल्या दिशेची एसटी हे मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन काय सांगणार? मावशी खाडीकडून येत होती, मला ट्रंकेसह बघून थांबली.

"निघालास?"

"काढलं, मावशी."

"मग उबा काय हायस? म्हातारा म्हनत होता, दिवा धरायला मानूस पायजे." आणि माझ्या ट्रंकेकडे बघून, "मासे खाऊ नको हवा तर. वास तरी घे."

त्या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवेपर्यंत, मी आबांबरोबर होतो. बल्ब धरायला शिकलो, मग बल्ब लावायला, मग बल्ब न लावता ओळखायला. आज घरापासून तितक्याच लांब, दुसऱ्या एका शहरात, गाड्यांची वायरिंग करतो. एखादा ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहतो आणि म्हणतो, दिवा आत्ताच लागला, तेव्हा मला बहुतेक कळतं की आत्ता नाही. मी त्याला विचारत नाही. हेडलाइट लाव म्हणतो, भिंतीकडे बघ.

पण तात्यांच्या मांडीवरची ती मूर्ती मला अजून दिसते. पहाटे उठल्यावर आधी तीच दिसते. वर्षं गेली म्हणून ते काही हलकं झालेलं नाही. तात्यांकडे परत जायचं धाडस कधी झालं नाही, आणि त्यामुळे पावसकडे जायचंच राहून गेलं. आबांचे हात आता थरथरतात, चिमटा धरवत नाही, असं खाडीवरचा एकजण भेटला तो सांगत होता. त्यांची स्वतःची जुनी बोट आहे, बिनमोटरची होती ती, तिच्यावर त्यांना इंजिन बसवायचं होतं. दुसऱ्यांच्या बोटींपायी राहिलं, म्हणायचे.

आबा, तुम्हाला वाचता येत नाही, मावशी कुणाकडून तरी वाचून घेईल. मी येईन. नारळी पौर्णिमेच्या आधी, बोट अजून वर ओढलेली असतानाच येईन, आणि तिची सगळी वायरिंग माझ्या हाताने करून देईन, पहिल्या बोल्टापासून. रंग तुम्ही द्या. अर्थिंगचा बोल्ट मात्र मी घासून आवळल्याशिवाय डबा उघडू नका.